माणसं नियमांच्या चौकटीत कशी वागतात हे दाखवणारी समकालीन कला: याला प्रयोग म्हणायचं की कला?

उंबरठा_२२

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं विचारते. माझं शिक्षण समाजशास्त्रातलं, कलेच्या बाजूला मी नवीन. सध्या अशी समकालीन कामं बघतेय ज्यात चित्र नाही, शिल्प नाही, कलाकार फक्त एक परिस्थिती उभी करतो, दोनचार नियम ठरवतो आणि मग माणसं त्यात कशी वागतात तेच काम असतं. सुरुवात मरीना अब्रामोविच या कलाकाराच्या 'रिदम झिरो'पासून केली (ती स्वतः न हलता उभी राहिली आणि टेबलावरच्या वस्तू तिच्यावर हव्या तशा वापरायची लोकांना मुभा दिली), बहुतेक सगळे तिथूनच करतात.

आता अडलंय कुठे ते सांगते. मानसशास्त्रज्ञ मिलग्रमचा विजेचे झटके द्यायचा प्रयोग आम्हाला अभ्यासाला होता, हुकूम मिळाला की माणूस दुसऱ्याला किती झटके देतो ते बघणारा. त्यात ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले (झटके खोटे होते पण देणाऱ्यांना ते माहीत नव्हतं), मग मिलग्रमने परिस्थिती बदलून बदलून परत मोजलं, म्हणजे झटके खाणारा त्याच खोलीत बसवला तर काय, हुकूम फोनवरून दिला तर काय. त्यातून काहीतरी हाती लागतं. कलाकार तेच करतो तेव्हा एकदाच करतो, मोजत नाही, तुलना करत नाही, आणि त्यावरचा कुठलाही लेख उघडा, शेवट ठरलेला, की माणूस आतून जनावरच आहे. एवढंच सांगायचं असेल तर त्यासाठी कला कशाला हवी?

आणि दुसरं म्हणजे लोकांना वापरून घेतल्यासारखं वाटतं. मिलग्रमवर नंतर केवढी टीका झाली, आता तसा प्रयोग जशाच्या तसा कुठलंही विद्यापीठ करू देणार नाही, मग गॅलरीत कसं चालतं? वाद घालायला नाही, मनापासून विचारतेय. आणि अजून काय बघावं तेही सांगा.

रिकामी_फ्रेम

लेख बाजूला ठेवा आणि 'रिदम झिरो'चे नियम वाचा, असं मी म्हणेन. १९७४, नेपल्समधली गॅलरी, सहा तास, टेबलावर ७२ वस्तू, गुलाब, पीस, मध, द्राक्षं इथपासून ते कात्री, खिळे, पिस्तूल आणि एक गोळी. हे सगळेच सांगतात. पण तिथे लावलेल्या सूचनेत आणखी एक गोष्ट लिहिलेली होती जी लोक घाईत सोडून देतात, की या वेळात जे काही होईल त्याची पूर्ण जबाबदारी माझी. माझ्या मते अख्खं काम त्या एका ओळीवर उभं आहे. तुम्ही मिलग्रम शिकलाय तर तुम्हाला हे पटकन लागेल, तिथेही लोक अडखळले आणि याला काही झालं तर कोण बघणार असं विचारलं की प्रयोग घेणारा सांगायचा, जबाबदारी माझी, तुम्ही पुढे चला. म्हणजे दोन्हीकडे माणसाच्या खांद्यावरून एक वजन उचलून घेतलंय आणि मग तो काय करतो ते बघितलंय. आतलं जनावर वगैरे बोलण्याआधी हे वजन कुणी आणि कसं उचललं ते बघायला नको का?

दुसरं, त्या खोलीतला जमाव एकसंध नव्हताच. कुणी कपडे कापले, कुणी कातडीवर पातं फिरवलं, पिस्तूल तिच्याकडे रोखलं गेलं, आणि त्याच खोलीत कुणीतरी तिचे डोळे पुसत होतं, पिस्तुलावरून तर बघणाऱ्यांची आपसात जुंपली. सहा तास संपल्यावर ती हलली, चालायला लागली, तेव्हा लोक तिच्या नजरेला नजर न देता निघून गेले असं तिनेच सांगितलंय. मला हा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण नियम उठला त्या क्षणी ती परत माणूस झाली आणि तेच लोक परत लाजणारे झाले.

मिलग्रमसारखाच आणखी एक गाजलेला प्रयोग म्हणजे मानसशास्त्रज्ञ झिम्बार्डोचा खोटा तुरुंग, काही जण पहारेकरी आणि काही कैदी बनवलेला. त्याचं म्हणाल तर आर्तूर झ्मियेव्स्की या पोलिश कलाकाराचं 'रिपिटिशन' बघाच. २००५च्या व्हेनिस बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) पोलंडच्या पॅव्हेलियनमध्ये, म्हणजे त्या देशाच्या दालनात, दाखवलं होतं. त्याने तसाच तुरुंग उभा केला, पैसे देऊन माणसं घेतली, काही पहारेकरी काही कैदी, कॅमेरे लावले. १९७१चा मूळ प्रयोग दोन आठवड्यांचा ठरला होता आणि सहा दिवसांत थांबवावा लागला, पण तो थांबवला संशोधकाने. झ्मियेव्स्कीच्या तुरुंगात ताण वाढला, पहारेकरी कडक व्हायला लागले, आणि मग कैदी आणि पहारेकरी दोघांनी मिळून ठरवलं की बास, आपण इथून निघतोय. आणि हल्लीच्या वर्षांत मूळ प्रयोगाची जुनी कागदपत्रं, रेकॉर्डिंग लोकांनी तपासली तर पहारेकऱ्यांना कडक वागा म्हणून आधीच पढवलं होतं हेही बाहेर आलं. तुम्ही म्हणताय प्रयोगात पद्धत असते, पण इथे एका कलाकाराची फिल्म त्या प्रयोगाला जास्त सरळ प्रश्न विचारते.

समासातली_खूण

कलाकार मोजत नाहीत हे मला अजिबात मान्य नाही. हान्स हाके नावाचा जर्मन कलाकार आहे, न्यूयॉर्कमध्ये राहिला, त्याने मोजण्यालाच काम बनवलं. जरा सविस्तर लिहितो कारण हे प्रकरण तपशिलातच कळतं.

१९७०, न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट, 'इन्फर्मेशन' नावाचं प्रदर्शन. हाकेने दोन पारदर्शक मतपेट्या ठेवल्या, एक हो, एक नाही, वर प्रश्न लिहिलेला. प्रश्न साधारण असा, की गव्हर्नर रॉकफेलर यांनी अध्यक्ष निक्सन यांच्या इंडोचायना (व्हिएतनाम आणि आसपासच्या युद्धाच्या) धोरणाचा निषेध केलेला नाही, या कारणाने तुम्ही नोव्हेंबरात त्यांना मत न देण्याचं ठरवाल का? आता हे रॉकफेलर नुसते न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर नव्हते, त्यांची आई ते म्युझियम काढणाऱ्यांपैकी एक आणि ते स्वतः तिथल्या विश्वस्तांपैकी. म्हणजे ज्याच्या घरात उभे आहात त्याच्याबद्दल त्याच्याच घरात मत द्या. पेट्या पारदर्शक असल्यामुळे ढीग कुठला मोठा होतोय ते येणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं, मोजायला यंत्र होतं, आणि मतपत्रिकांचे रंग वेगवेगळे होते, पूर्ण तिकीट काढून आलेल्याला एक रंग, सभासदाला दुसरा, फुकट प्रवेशाच्या दिवशी आलेल्याला आणखी वेगळा. या रंगांनी मला फार विचार करायला लावला. कुठल्या वर्गाचा माणूस कुठल्या पेटीकडे वळतो ते नुसतं बघून कळत होतं.

निकाल २५,५६६ हो, ११,५६३ नाही. आणि आलेल्या एकूण लोकांपैकी मत दिलं फक्त १२.४ टक्क्यांनी, बाकीचे नुसते पुढे गेले. हा आकडा मला बाकी दोन्हीपेक्षा जास्त बोलका वाटतो. नोव्हेंबरात रॉकफेलर निवडून आले ते वेगळंच.

पुढच्या वर्षी, १९७१मध्ये, गुगनहाइम म्युझियममध्ये त्याचं एकट्याचं प्रदर्शन ठरलं. त्यासाठी त्याने मॅनहॅटनमधल्या एका घरमालक गटाचा सगळा पसारा मांडला, १४२ इमारती आणि जागांचे फोटो, प्रत्येकाखाली टाइप केलेला कागद, पत्ता, मालकी कुठल्या कंपनीच्या नावावर, गहाणखत किती, करासाठी किंमत किती लावली. सगळी माहिती सरकारी नोंदीतली, कुणीही ऑफिसात जाऊन बघू शकेल अशी. कुठेही शेरा नाही, आरोप नाही. कामाच्या नावातच त्याने 'रिअल टाइम सोशल सिस्टिम' असं लिहिलं होतं. उद्घाटन काही आठवड्यांवर आलेलं असताना म्युझियमने प्रदर्शन रद्द केलं आणि क्युरेटर एडवर्ड फ्राय हाकेच्या बाजूने उभे राहिले म्हणून त्यांची नोकरी गेली. आता सांगा, यात वागणूक कुणाची दिसली? त्या घरमालकांची तर दिसलीच, पण सार्वजनिक नोंदी भिंतीवर लावल्या म्हणून एवढी मोठी संस्था कशी वागली ते पण त्या कामाचा भाग झालं, आणि हे कुठल्याही प्रश्नावलीतून बाहेर आलं नसतं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. प्रयोगात मोजणारा बाहेर उभा असतो, हाकेच्या कामात मोजणारी संस्थासुद्धा पेटीच्या आत येते.

दोन_पाळ्या

वरचं दोन्ही पटलं, पण सगळी चर्चा हिंसा आणि सत्ता याच्याभोवतीच फिरतेय. रोजचं काम नावाची जी व्यवस्था आहे, ज्यात आपण सगळे आयुष्यभर असतो, त्यावरची कामं मला जास्त जवळची वाटतात.

मिर्ल लेडरमन युकेलीस, अमेरिकन. मूल झाल्यावर तिला दिसलं की दिवसभर ती पुसणं, धुणं, भरवणं हेच करतेय आणि ते कुणाच्या हिशोबातच नाही. १९६९मध्ये तिने जाहीरनामा लिहिला की देखभालीचं हे काम मी करते आणि आता तेच माझी कला. पुढे १९७६मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या ऑफिस इमारतीतल्या ३०० सफाई आणि देखभाल कामगारांना तिने विनंती केली, तुमच्या पाळीतला कुठलाही एक तास निवडा आणि त्या तासातलं काम कला समजून करा. मग ती कॅमेरा घेऊन दिवसा रात्री फिरायची, फोटो काढायची आणि त्या माणसालाच विचारायची, आत्ता तुम्ही हे जे करत होतात ते काम होतं की कला? तो सांगेल तेच लेबल फोटोवर. ७२० फोटो झाले. एकच लादी, एकच फडकं, एकच माणूस, आणि ठरवायचा अधिकार पहिल्यांदा त्याच्याकडे. नंतर १९७९-८०मध्ये ती न्यूयॉर्कच्या कचरा उचलणाऱ्या खात्यातल्या साडेआठ हजार कामगारांना एकेक करून भेटली, प्रत्येकाशी हात मिळवला आणि हे शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार मानले. ऐकायला साधं वाटतं पण साडेआठ हजार हात म्हणजे किती महिने लागले असतील, किती पहाटेच्या पाळ्या, किती जणांनी आधी हात मागे घेतला असेल याचा विचार करा. लोकांना वापरून घेण्याचा जो मुद्दा तुम्ही काढलाय त्यासाठी हे उदाहरण मुद्दाम देतेय.

आणि तेहचिंग शिए हा कलाकार. एप्रिल १९८० ते एप्रिल १९८१, पूर्ण वर्षभर, दर तासाला एकदा पंचिंग मशीनवर कार्ड पंच करायचं, दिवसा पण आणि रात्री पण. सुरुवातीला टक्कल केलं, दर पंचाला सिनेमाच्या रिळाची एक चौकट, म्हणजे सगळं जोडून चालवलं की काही मिनिटांत त्याचे केस वाढताना दिसतात आणि घड्याळाचे काटे गरगर फिरतात. एकूण ८,७६० पंच व्हायला हवे होते, १३३ चुकले, आणि त्याची पण नोंद आहे, ९४ वेळा झोप लागली, २९ वेळा उशीर झाला, १० वेळा वेळेआधी पंच केलं. हे १० मला फार लागतात. ज्याने पाळी केलीय त्याला कळेल, घड्याळाची धास्ती घेतलेला माणूस लवकर पण पोचतो. यात कुठली वस्तू बनली नाही, पगार नाही, मालक नाही, नुसती हजेरी. त्याने व्यवस्थेतलं बाकी सगळं काढून टाकलं आणि फक्त आज्ञापालन शिल्लक ठेवलं.

कोरा_कागद

सगळं छान चाललंय पण नीतीचा प्रश्न सगळे टाळतायत म्हणून मी लिहितो. सान्तियागो सिएरा, स्पॅनिश कलाकार. २०००मध्ये स्पेनमधल्या सालामान्कात त्याने हेरॉइनच्या आहारी गेलेल्या, देहविक्री करणाऱ्या चार बायकांना ओळीने बसवून त्यांच्या पाठीवरून १६० सेंटिमीटरची एक सलग रेघ गोंदवली, आणि मोबदला किती, तर एका डोसची किंमत. व्हिडिओ आहे. त्याची बाजू घेणारे म्हणतात की शोषण तर रोज चालूच आहे, त्याने फक्त दरपत्रक दाखवलं. मला हे अजिबात पटत नाही. दाखवायचं असेल तर हाकेसारखे कागद लावा ना. त्या रेघा त्या बायकांच्या अंगावर कायमच्या राहिल्या आणि व्हिडिओ मात्र संग्रहात जाऊन मौल्यवान झाला. त्यांनी हो म्हटलं होतं हे उत्तर होत नाही, कारण नाही म्हणायची ताकद नसलेल्या माणसालाच मुद्दाम निवडलं होतं, कामच त्यावर आहे.

समासातली_खूण

@कोरा_कागद त्या कामाबद्दल तुमचा राग योग्य आहे, मी पण तो व्हिडिओ पूर्ण बघू शकलो नाही. पण सिएराचं दुसरं एक काम यासोबत ठेवून बघा. २००३च्या व्हेनिस बिएनालेत स्पेनचं पॅव्हेलियन त्याच्याकडे होतं. त्याने इमारतीवरचं देशाचं नाव काळ्या प्लास्टिकने झाकलं, पुढचा दरवाजा भिंत घालून बंद केला, आणि मागच्या दाराला पहारेकरी, आत सोडायचं फक्त स्पॅनिश ओळखपत्र असलेल्याला. आत काही खास नव्हतंच. सगळ्या जगातून आलेले समीक्षक, संग्राहक, ज्यांना कुठलंही दार बंद नसतं असे लोक दारातून परत फिरले. इथे त्रास कुणाला झाला बघा. कायमची इजा कुणाला नाही, आणि जो बघायला आलाय त्यालाच नियम लागतो. त्यामुळे माझा निकष असा, कामाची किंमत कोण मोजतो, आणि मध्येच उठून जायची सोय कुणाला आहे. अब्रामोविचने स्वतःला टेबलापलीकडे ठेवलं, शिएने स्वतःचं वर्ष दिलं. सालामान्कात कलाकार सोडून सगळ्यांनी किंमत मोजली.

उंबरठा_२२

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. युकेलीसचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं, आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं याचं आता वाईट वाटतंय, घरकामाचं समाजशास्त्र शिकताना ते ७२० फोटो समोर असायला हवे होते.

निकष पटला. पण त्यातूनच पुढचा प्रश्न, बघायला आलेल्यालाच नियम लावायचा म्हणता, पण आपण कलाकृतीच्या आत आहोत हे त्याला माहीतच नसेल तर? फसवणूक होत नाही का? आणि गॅलरीत लोक मुळात शहाण्यासारखेच वागतात, हात मागे बांधून, हळू आवाजात, मग तिथलं वागणं बाहेरचं कसं मानायचं?

रिकामी_फ्रेम

दुसरा मुद्दा आधी घेतो. गॅलरी ही पण एक व्यवस्थाच आहे, हात लावू नका, रेषा ओलांडू नका, त्यामुळे तिथलं शहाणं वागणं हाच पुरावा समजा ना. तानिया ब्रुगेरा या क्यूबन कलाकाराने २००८मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये घोड्यावरचे दोन खरे पोलीस आणले. जमाव आवरायचं जे प्रशिक्षण त्यांना असतं तेच वापरून ते लोकांना इकडे सरका, तिकडे उभे राहा, दोन गट करा असं करत होते, घोडा आडवा घालून वाट बंद करत होते. हे काम आहे अशी कुठे पाटी नाही. लोकांनी ऐकलं, मुकाट्याने सरकत गेले. यात फसवणूक म्हणाल तर एवढीच, की पोलीस खरे, घोडे खरे, हुकूम खरे, फक्त कारण नव्हतं आणि कारण कुणी मागितलं नाही. मला यात खोटं काही दिसत नाही.

याच्या उलट टोकाला भारतीय कलाकार शिल्पा गुप्ताचं 'थ्रेट'. साबणाच्या वड्या विटांसारख्या रचून भिंत केलेली, प्रत्येक वडीवर धोका या अर्थाचा तोच इंग्रजी शब्द कोरलेला, आणि येणाऱ्याने एक वडी घरी न्यायची. तिथे नियम उघड आहे, तुम्ही जाणूनबुजून भाग घेता, धोका घरी नेता आणि अंघोळीला वापरून झिजवून टाकता. सगळी कामं माणसाला कोंडीत पकडत नाहीत एवढंच सांगायचंय.

दोन_पाळ्या

@उंबरठा_२२ तुमच्या सगळ्यात पहिल्या प्रश्नावर, म्हणजे एकदाच केलेल्या गोष्टीतून हाती काय लागतं यावर, वफा बिलालचं एक काम सांगते. इराकमध्ये जन्मलेला, अमेरिकेत राहणारा कलाकार, त्याचा भाऊ २००४मध्ये इराकमध्ये अमेरिकन हल्ल्यात गेला. २००७मध्ये शिकागोच्या एका गॅलरीत तो महिनाभर राहिला, पलंग, टेबल, दिवा, आणि समोर रंगाच्या गोळ्या मारणारी बंदूक जी इंटरनेटवरून कुणीही, कुठूनही फिरवू आणि झाडू शकत होतं. ६० हजारांहून जास्त गोळ्या आल्या, शंभराहून जास्त देशांतून. भिंती पिवळ्या, जमीन निसरडी, रात्री झोप नाही. कुणीतरी हॅक करून बंदूक मशीनगनसारखी आपोआप चालेल असं पण केलं.

इथपर्यंतच सांगितलं तर परत तेच ठरलेलं वाक्य लिहून मोकळं होता येतं. पण झालं असं की काही लोकांनी ऑनलाइन एकमेकांना गाठलं, पाळ्या लावल्या, आणि ज्या बटणाने बंदूक त्याच्यावर रोखता येत होती तेच बटण सतत एका बाजूला दाबून धरलं जेणेकरून नळी त्याच्यापासून लांब राहील. तेवढ्यासाठी अनोळखी माणसं जागत बसली. त्याने ही शक्यता कुणाला सांगितली नव्हती, नियमात तशी काही सोय नव्हती, लोकांनी ती नियमातूनच शोधून काढली. मिलग्रमच्या मूळ प्रयोगात टेबलावर माणूस एकटा होता, पर्याय दोनच, दाबा किंवा नकार द्या, बाजूच्या खोलीतल्या दुसऱ्या माणसाशी मिळून यंत्रच फिरवून टाका हा पर्याय नव्हता. म्हणून मला वाटतं अशी कामं परत परत न करताही काहीतरी देतात, नियम लिहिणाऱ्यालाही माहीत नसलेली वागणूक त्यात उगवून येते.

कोरा_कागद

हे बिलालचं काम मला माहीत नव्हतं, छान सांगितलंत. सिएराबद्दल माझं मत तसंच आहे, संग्रहालयांनी तो व्हिडिओ दाखवू नये असंच मला वाटतं.

उंबरठा_२२

सिएराच्या बाबतीत मी पण तुमच्याच बाजूने आहे, आणि ती दोन्ही कामं शेजारी ठेवून त्यावर वेगळा धागा काढायला हवा, लोकांनी लिहावं. मी आता आधी 'रिपिटिशन' बघते आणि मग युकेलीसचा तो जाहीरनामा शोधून वाचते. बिलालच्या त्या पाळ्या लावणाऱ्या लोकांबद्दल, ते एकमेकांना कसे सापडले, कुणी सुरू केलं, याबद्दल कुणी सविस्तर वाचलं असेल तर इथेच टाका, मला त्यावर काम करायचंय.